एका बाटलीचं परीक्षण

तीस वर्षं मी नाटकांची परीक्षणं लिहिली. जिल्ह्याच्या गावातलं दैनिक. मुंबईचं नाटक आमच्याकडे पोचायचं ते शंभर प्रयोग होऊन, पडदे विटून आणि नायकाचा आवाज बसून. एरवी मग राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. एवढी नाटकं पाहिली की माणसाची एक भाषा आपोआप तयार होते. 'प्रयोग एकंदरीत रंगला', 'नेपथ्य विषयानुरूप', 'प्रकाशयोजना यथातथा'. 'भूमिका समरसून केली' म्हणजे ओरडून केली, 'संयत अभिनय' म्हणजे तिसऱ्या रांगेतही ऐकू आलं नाही, हे आमच्या वाचकांना पाठ झालं होतं. त्यामुळे मी कुणाला वाईट म्हटलं नाही आणि कुणाची फसवणूकही झाली नाही.

पण बाटलीचं परीक्षण मात्र मी कधी केलं नव्हतं. करणार कुठून? आमच्या घरात त्या पदार्थाला एकच शब्द होता, दारू. मग ती द्राक्षाची असो, मोहाची असो, नाहीतर काजूच्या बोंडाची. शिवाय मराठीत या व्यवहाराच्या क्रियापदाला कर्म लागत नाही. 'शेजारचे घेतात' एवढं म्हटलं की पुरतं. काय घेतात, कुठल्या सालातलं घेतात, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. आवाज खाली आणून 'घेतात' म्हणायचं आणि भाजी निवडायला लागायचं.

अशा घरातला मी २०२४ च्या उन्हाळ्यात सहकुटुंब लेकीकडे गेलो. ती राहते फ्रान्समध्ये, तुलूझला. जावई विमानाच्या कारखान्यात इंजिनीअर. शेजारी एक मस्यू राहतात. तेही विमानाच्याच कारखान्यात होते, फिटर म्हणून निवृत्त झाले. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून आपले मस्यू.

लेकीनं त्यांना बोलता बोलता सांगितलं, की बाबा क्रिटिक होते. झालं. दुसऱ्या दिवशी मस्यू कुंपणापाशी येऊन उभे. लेकीशी पाच मिनिटं बोलले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे एक जुनी बाटली आहे. ती आता उघडायची म्हणतायत. आणि तुमचं मत हवंय."

"अगं, मी नाटकांचा!"

"सांगितलं मी. ते म्हणतात, फरक पडत नाही. इथल्या लोकांना वाइनमधलं सगळं कळतं, म्हणून खरं कुणी बोलत नाही. परका माणूस हवाय. निःपक्षपाती."

माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत मला निःपक्षपाती म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी हो म्हणून बसलो. मग कळलं, की बाटली साधीसुधी नाही. शातो मूटाँ रोत्शिल्ड, साल १९७३.

आता या नावाबद्दल थोडा खुलासा केला पाहिजे. फ्रेंच लोक त्या शब्दात 'ट' म्हणत नाहीत, 'त' म्हणतात. तो उच्चार करून पाहा, मनातल्या मनात. चारचौघांत मराठी माणसानं करण्याजोगा तो नाही. जावयांनी पहिल्यांदा तो जेवणाच्या टेबलावर केला तेव्हा आमच्या हिनं पदर तोंडाला लावला. म्हणून सभ्यतेखातर मी इथं 'ट'च लिहिणार आहे. आणि त्याला भाषाशास्त्राचा आधारही आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मेंढा. हाच शब्द इंग्रजांनी उचलला, त्याचा 'मटन' केला, आणि तो आपल्याकडे येऊन रविवारचं मटण झाला. म्हणजे ज्या नावापुढे जगातले श्रीमंत टोपी काढतात, ते आपण दर रविवारी पिशवीत घालून आणतो. मळ्याचं नाव मात्र मेंढ्यावरून नाही, उंचवट्याला तिथं जो जुना शब्द होता त्यावरून पडलं, असं सांगतात. पण मळ्याच्या मालकानं मेंढाच पकडून ठेवला. त्याचा जन्म १३ एप्रिल १९०२ चा. पाश्चात्त्यांची मेष रास. आपल्या पंचांगाप्रमाणे जरा काठावर, पण चालेल.

परीक्षणाआधी अभ्यास हवा, म्हणून जावयांनी शनिवारी गाडी काढली. तुलूझहून बोर्दो अडीचशे किलोमीटर, आणि तिथून उत्तरेला जिरोंदच्या खाडीच्या कडेकडेनं आणखी पन्नास. त्या पट्ट्याला मेदोक म्हणतात. आमच्या मनात द्राक्षाचा मळा म्हणजे नाशिकचा, वर मांडव आणि खाली गार सावली. इथं वेल कमरेएवढे, ओळीत उभे, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तसे. आणि जमीन? नुसते गोटे. आपल्याकडे असली जमीन मुलीच्या सासरच्यांनी दाखवली तर लग्न मोडेल. पण हीच तिथली दौलत. पाणी झरझर निघून जातं, वेलाला पोटासाठी मुळं खोल न्यावी लागतात, आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. 'हालअपेष्टांतून माणूस घडतो' हे सुभाषित मी पुष्कळ सत्कारसमारंभांत ऐकलं होतं. द्राक्षाच्या बाबतीत ते खरं असावं.

ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले. रोग यायचा झाला तर आधी गुलाबावर दिसतो, अशी जुनी समजूत. आणि एक गंमत जमिनीखाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सचे मळेच्या मळे खाल्ले. कीड अमेरिकेतून आलेली. उपाय सापडला तोही अमेरिकेचाच. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलाचं कलम करायचं. आपले नाशिकचे बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर करतात तसंच. तेव्हा फ्रान्सचा हा सगळा अभिमान उभा आहे तो अमेरिकन पायांवर. हे मी जावयांना म्हटलं तर ते म्हणाले, "बाबा, इथं हळू बोला."

पोयाक गाव आलं. इथं लाफीत आहे, मूटाँ आहे आणि लातूरही आहे. खरंच. शातो लातूर. त्याचा अर्थ बुरूज, पण पाटी वाचून आमची ही म्हणाली, "इथून नांदेड किती?" ती पुढे मार्गोसुद्धा शोधत होती. मार्गो नावाचा मळा थोडा अलीकडे लागतो. तिला साबण आठवला.

ही नावं गमतीची असली तरी भानगड गंभीर आहे. १८५५ साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. तिसऱ्या नेपोलियनची कारकीर्द. बोर्दोच्या वाइनची यादी हवी म्हणून तिथल्या दलालांनी ती करून दिली, कुठला मळा पहिल्या वर्गात, कुठला दुसऱ्या, असे पाच वर्ग. चव घेत बसले नाहीत. वर्षानुवर्षं कुणाला काय भाव मिळतो ते पाहिलं आणि मांडलं. पहिल्या वर्गात चौघे बसले, लाफीत, लातूर, मार्गो आणि ओब्रियाँ. मूटाँ दुसऱ्या वर्गात. दुसऱ्यांत पहिला, पण दुसऱ्यातच. रोत्शिल्ड घराण्यातल्या नथानिएलनं तो मळा घेतला होता १८५३ साली, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी. नव्या घरात सामान लावून होतं न होतं तोच पोराचा निकाल आला, सेकंड क्लास.

प्रदर्शन संपलं, सम्राट गेला, फ्रान्समध्ये प्रजासत्ताकं आली-गेली, यादी मात्र कायम. आपल्याकडे तात्पुरती कमिटी कायमची होते, हे मला आपलंच वैशिष्ट्य वाटत होतं.

मग १९२२ साली नथानिएलचा पणतू फिलिप, वय वर्षं वीस, मळ्यावर आला. पोरगं अवलिया. मोटारींच्या शर्यती, नाटक, कविता, सगळं करून बसलेलं. त्या काळी मळेवाले वाइन पिंपात भरून बोर्दोच्या व्यापाऱ्यांना देत आणि बाटल्या व्यापारी भरत. मध्ये काय काय मिसळलं जाई ते देव जाणे. आपल्या दूधवाल्यांचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. फिलिपनं १९२४ पासून ठरवलं, बाटली मळ्यावरच भरायची. त्यासाठी १९२६ साली शंभर मीटर लांब कोठार बांधलं. आणि दुसऱ्या वर्गाचा तो डाग? त्यासाठी तो मंत्र्यांच्या मागे लागला. अर्ज, विनंत्या, स्मरणपत्रं. शेवटी १९७३ च्या जूनमध्ये शेतीमंत्र्यांनी सही केली. मूटाँ पहिल्या वर्गात. शेतीमंत्री होते जाक शिराक, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ११८ वर्षांनी प्रमोशन! यादी झाल्यापासून वर्ग चढलेला हा एकच मळा. आमच्या कचेरीतल्या एका हेडक्लार्कला अठरा वर्षांनी मिळालं तर त्यांनी सत्यनारायण घातला होता. फिलिपनं बोधवाक्य बदललं. आधी दुसरा होतो, आता पहिला आहे, मूटाँ आहे तसाच आहे, अशा अर्थाचं केलं.

ते शंभर मीटरचं कोठार आम्ही पाहिलं. मंद उजेड, ओळीत मांडलेली ओकची पिंपं, प्रत्येकात २२५ लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. देवळाच्या गाभाऱ्यात यावा तसा गारवा. सगळे आपोआप कुजबुजत बोलू लागले. पिंपातून थोडी थोडी वाइन उडून जाते, तिला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे वाटा वेगळ्या लोकांना द्यावा लागतो. दर काही महिन्यांनी एका पिंपातून दुसऱ्या पिंपात ओतून साका वेगळा करतात. आणि शेवटी वाइन नितळ व्हावी म्हणून, बोर्दोच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, पिंपामागं पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. तो तरंगता गाळ धरून तळाशी नेतो. हे ऐकून आमची ही एक पाऊल मागं सरली. दारू एक वेळ ठीक, पण अंडं! पिवळ्या बलकाचं काय करतात असं तिनं विचारलं. कुठलीही गृहिणी विचारील. त्याचेच बोर्दोचे ते छोटे तपकिरी केक निघाले, कानेले, असं तिथं सांगतात. हिला पटलं. काही फुकट जात नाही ना, मग ते लोक सभ्यच.

शेजारच्या दालनात लेबलं. इथं मात्र मी दोन तास रमलो. १९४५ साली युद्ध संपलं. फिलिप रोत्शिल्ड परत आला तेव्हा मळा जर्मनांच्या ताब्यातून सुटलेला होता, आणि त्याची पत्नी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली होती. त्या वर्षीच्या लेबलावर त्यानं एका तरुण चित्रकाराकडून विजयाचा 'व्ही' काढून घेतला. तेव्हापासून दर सालच्या लेबलाला नवा चित्रकार. ब्राक, दाली, हेन्री मूर, शागाल, वॉरहोल. मानधन पैशात नाही, वाइनच्या पेट्यांत. २००९ च्या लेबलापाशी मी थबकलो. लालभडक रंगाचा लोळ, आणि खाली नाव अनिश कपूर. मुंबईत १९५४ साली जन्मलेले. मी तिथल्या बाईंना अभिमानानं सांगितलं, "अवर मॅन." त्या म्हणाल्या, ते लंडनला असतात. मी म्हटलं, "आमचे सगळेच असतात."

आणि मग १९७३ चं लेबल. त्या वर्षी एप्रिलमध्ये पिकासो गेला. म्हणून त्याचं नाचणाऱ्या आकृत्यांचं चित्र त्याच्या स्मरणार्थ लावलं. पहिल्या वर्गात आल्याचं पहिलं साल, त्यावर पिकासो. याहून मानाचं लेबल सापडणं कठीण.

बाहेर पडताना जावई हळूच म्हणाले, "एकच अडचण आहे बाबा. त्या साली वाइन बेताची झाली."

म्हणजे? म्हणजे असं, की बोर्दोत १९७३ चं पीक भरघोस आलं, पण रस पातळ. लवकर पिऊन टाकावी अशी वाइन. दहा-बारा वर्षांत संपवायची ती मस्यूंनी पन्नास वर्षं ठेवली होती. मला एकदम स्पर्धेतलं एक नाटक आठवलं. निमंत्रणपत्रिका आर्ट पेपरवर, उद्घाटनाला पालकमंत्री, आणि नायकाला पहिल्या अंकातच शब्द आठवेना.

घरी येऊन मी त्या धंद्यातली परीक्षणं वाचायला घेतली. जावई मराठीत सांगत गेले. मूटाँच्या चांगल्या सालाला म्हणे कासी नावाच्या काळ्या फळाचा वास येतो, देवदाराचा येतो, सिगारच्या डबीचा येतो, कॉफीचा येतो, आणि शिसपेन्सिलीचा येतो. पहिल्यांदा मी हसलो. मग आठवलं, पाचवीच्या वर्गात टोकयंत्रातून निघालेली ती पातळ साल आपण नाकाशी धरायचोच की. म्हणजे हे लोक खोटं बोलत नाहीत. आठवणी सांगतात. आमच्या 'नेपथ्य विषयानुरूप'पेक्षा हे बरं.

पण मार्क देण्याची पद्धत फार आवडली. रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन समीक्षकानं ती रूढ केली. शंभरपैकी मार्क, पण सुरुवात पन्नासापासून. बाटली आली, उघडली, ग्लासात पडली, की पन्नास मिळाले. हजेरीचे. असा परीक्षक माझ्या वेळी बोर्डात असता तर माझं गणित राहिलं नसतं. मूटाँच्या १९८२ ला त्यानं शंभर दिले. १९७३ चे मी विचारले नाहीत.

आणि तज्ज्ञांचंही फार मनावर घेऊ नये, हेही वाचनात आलं. १९७६ साली पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून तांबड्या वाइन चाखल्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप. मूटाँ १९७० दुसरी. पुन्हा दुसरी! शिवाय जिंकलेली कॅलिफोर्नियाची बाटली होती नेमकी १९७३ ची. मघाशी म्हटलं ना, पाय अमेरिकन. दुसरा प्रयोग बोर्दो विद्यापीठातला, २००१ साली प्रसिद्ध झालेला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोन ग्लासांत दिली. एकात वास नसलेला लाल रंग टाकला होता. पोरांनी त्या ग्लासाचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. यावर मी आधी खूप खूश झालो, मग जरा गप्प. पडदा वर जायच्या आत, नुसतं जाहिरातीतलं नाव वाचून, मी किती परीक्षणं मनात लिहून ठेवली होती!

एवढी तयारी करून रविवारी संध्याकाळी आम्ही मस्यूंकडे गेलो. माझ्या खिशात वही. सवय.

बाटली दोन दिवसांपासून उभी करून ठेवलेली, साका तळाशी बसावा म्हणून. टेबलावर एक मेणबत्ती. मी समजलो वीज गेली. तर ती बाटलीच्या मानेमागं धरायची असते, ओतताना गाळ आलेला दिसावा म्हणून. वाइनची पातळी बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरलेली. पन्नास वर्षांत देवदूतांनी इथंही येऊन वाटा नेला होता.

मस्यूंनी हकीकत सांगितली, लेक मराठीत करत गेली. त्यांचं लग्न १९७३ चं, ऐन द्राक्षतोडणीच्या दिवसांतलं. त्या सालची वाइन बाजारात आली तेव्हा दोघांनी पगारातून शिल्लक टाकून दोन बाटल्या घेतल्या. फिटरला मूटाँ परवडत नाही. पण लग्नाचं साल, त्यात पहिल्या वर्गाचं पहिलं साल. एक बाटली पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायची, दुसरी पन्नासाव्या. पहिली ठरल्याप्रमाणे १९९८ साली उघडली. दुसरीची तारीख होती २०२३. बाई २०२१ साली गेल्या. तारीख आली नि गेली, मस्यूंनी बाटली उघडली नाही. शेजारी, मित्र सांगत होते, अहो, ती केव्हाच मेली असेल, कशाला ठेवता?

मला यात परकं असं काही वाटेना. आमच्याकडे काचेचा एक टी-सेट आहे. लग्नातला. पाहुण्यांसाठी ठेवलेला. त्या योग्यतेचा पाहुणा अजून आलेला नाही. हिचा शालू आहे. ठेवणीतला. तो इतका ठेवला, की घड्यांवर विरला. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, आणि चांगला दिवस आला की म्हणायचं, इतका काही चांगला नाही. वाइनवाल्यांचं एक बरं. त्यांचं ठेवणंही शेवटी उघडण्यासाठीच असतं. फक्त केव्हा, ते चुकू शकतं.

बूच निघताना भुगा झालं. मस्यूंनी ते चिमट्यानं, जखम साफ करावी तसं काढलं. कपाळावर घाम. मग हळूहळू ओतली. आम्हा चौघांना बोटभर, बोटभर. हिनं "मी घेत नाही, वास घेते" म्हटलं. मस्यूंना ते पूर्ण मान्य. तिकडे निम्मं काम वासाचंच असतं.

आता परीक्षण. रंग: तांबडा म्हणवत नाही. विटकरी, आणि कडेला बशीत सांडलेल्या चहासारखा. वास: पहिल्या क्षणी बंद खोलीचा. मी मनात लिहिलंसुद्धा, 'प्रयोग पडला'. एवढ्यात जावई म्हणाले, "थांबा, हिला उठू द्या." आम्ही थांबलो. आणि दोन-तीन मिनिटांनी काहीतरी झालं खरं. ग्लासातून वाळलेल्या करवंदासारखं काही वर आलं, मागोमाग भिजलेला पाचोळा, आणि शपथेवर सांगतो, शिसपेन्सिल. पाचवी ब. म्हातारा नट शेवटच्या अंकात एकदम सरळ उभा राहतो आणि एक वाक्य पूर्वीच्या आवाजात म्हणतो, तसं. मी घोट घेतला. मऊ, हलकी, जवळजवळ पाण्यासारखी, पण रेशमाच्या जातीची.

आमची ही ग्लास नाकाशी धरून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "पेटीतल्या शालूचा वास येतोय."

लेकीनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. शालूला शब्द सापडेना, तेव्हा लग्नातलं वस्त्र, ठेवलेलं, असं काहीतरी केलं. मस्यू हिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मान हलवली. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत मला असं एक वाक्य लिहिता आलेलं नाही.

दहा-बारा मिनिटं हे टिकलं. मग वाइन बसली. पुढचा घोट घेतला तर नुसता आंबटपणा, चिंचेच्या कोळात पाणी जास्त झाल्यासारखा. सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही.

मस्यू उठले, कपाटातून एक जुनी वही घेऊन आले. घरात उघडलेल्या प्रत्येक बाटलीची नोंद. अक्षर बाईंचं. त्यांनी १९९८ चं पान काढलं. मूटाँ १९७३. पुढे दोनच शब्द. लेकीनं वाचले, "जरा आंबट."

मग खरा मामला कळला. त्या रात्री मस्यू म्हणाले होते, अप्रतिम आहे. पहिल्या वर्गाची वाइन, वर पिकासो, लग्नाचं साल, आंबट कशी असेल? बाई म्हणाल्या, आहे. दोघांचं वाजलं. पुढे तेवीस वर्षं, पाहुणे आले की हा विषय निघायचा. ठरलं असं, की दुसरी बाटली उघडू तेव्हा निकाल लावू. तो निकाल राहिला होता. त्यासाठी मस्यूंना निःपक्षपाती माणूस हवा होता.

"आता सांगा," मस्यू मला म्हणाले, "कोण बरोबर होतं?"

आयुष्यभर 'यथातथा' लिहिलेल्या माणसावर ही वेळ यावी! एका बाजूला समोर बसलेले यजमान, ज्यांनी पन्नास वर्षं राखलेली वस्तू आमच्या ग्लासात ओतली. दुसऱ्या बाजूला ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा बाई. 'काही अंशी दोघांचंही' असं वाक्य जिभेवर आलं होतं. तीस वर्षांचा सराव. लेक भाषांतरासाठी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "बाईंचं बरोबर होतं. आंबट आहे."

लेकीनं सांगितलं. मस्यू क्षणभर गप्प. मग हसले, चांगले मोकळे हसले, आणि बोटानं टेबल वाजवत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतात, मला तेव्हाच कळलं होतं. तिला म्हणायचं राहून गेलं."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. बाईंच्या ओळीखाली मी लिहायचं, माझ्या भाषेत. वाचता येणार नाही हे त्यांना चालणार होतं. जावई कानाशी म्हणाले, "बाबा, मार्कही द्या. इथं देतात."

खिशातलं पेन काढलं आणि मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं परीक्षण लिहिलं. 'रंग विटलेला. वास दहा मिनिटं, तेवढा उत्तम. चव जरा आंबट, पूर्वीच्या परीक्षकांशी सहमत. मार्क पन्नास. हजेरीचे, पुरे पन्नास.'